ऑफिसच्या भाषेत व्यंगकविता कशी लिहायची : माणूस हरवल्याची कविता, कागदापासून शेवटच्या ओळीपर्यंत

नोकरशाहीवरच्या कविता माझ्याकडे वाचायला येतात, आणि दहातल्या आठ एकाच ठिकाणी फसलेल्या असतात. कवी चिडलेला असतो, पहिल्याच ओळीत खुर्ची येते, मग लाल फीत, मग धूळ खाणारी फाईल, मग खाली मान घातलेला कारकून, आणि शेवटी "माणुसकी मेली". वाचणारा मान डोलावतो आणि विसरून जातो, कारण हे सगळं त्याला आधीच माहीत होतं. ज्याचा अर्ज हरवला तो माणूस मात्र कवितेत कुठेच दिसत नाही. म्हणजे ऑफिसनं जे केलं तेच कवितेनंही केलं, आणि मला हे फार लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक पाचव्या-सहाव्या टप्प्यापासून सुरू करतात आणि मग कविता का उभी राहत नाही ते त्यांना कळत नाही.

टप्पा १ : राग आधी वेगळ्या कागदावर काढून घ्या

राग नसेल तर ही कविता लिहायलाच जाऊ नका. पण राग कवितेत ओतायचा नाही. एक कोरं पान घ्या, वीस मिनिटं लावा आणि जे झालं ते शिव्यांसकट लिहून काढा, वाक्यं तुटली तरी चालतील. मग त्या पानातून फक्त घडलेल्या गोष्टींखाली रेघ मारा. "त्यांनी मला किड्यासारखं वागवलं" याखाली रेघ नाही, ते मत झालं. "माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं आणि मला सांगितलं की कागद बरोबर आहे, तुमचं नाव चुकलंय" याखाली रेघ.

रेघा मारलेली वाक्यं नव्या पानावर उतरवा आणि पहिलं पान बाजूला ठेवा. कविता पूर्ण होईपर्यंत ते परत उघडायचं नाही.

असं का, तर माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं नोकरशाहीबद्दल जे मांडलं (तो १९२० मध्ये गेला, लिखाण १९२२ मध्ये छापून आलं) त्यातला एक मुद्दा या कवितेला थेट लागू पडतो. ही यंत्रणा कामातून राग, लोभ, आवड, नावड जितकी बाहेर काढते तितकी ती तिच्या हिशेबानं नीट चालते. म्हणजे ऑफिस तुमच्यावर चिडलेलं नाही, त्याला तुमच्याबद्दल काहीच वाटत नाही. कविता ओरडायला लागली की त्या काहीच न वाटण्यातली भीती निघून जाते आणि उरतं नुसतं भांडण.

तपासणी : नव्या पानावर किमान पाच घडलेल्या गोष्टी आहेत का? नसतील तर अजून आठवा, पुढे जाऊ नका.

टप्पा २ : कागद गोळा करा आणि त्यांची भाषा शिका

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, दोन-तीन दिवस तरी. घरात जी पत्रं, फॉर्म, नोटिसा, नकार, पोचपावत्या असतील त्या काढा आणि मोठ्यानं वाचा. ऑफिसची भाषा कानात बसल्याशिवाय हातातून येत नाही, नुसते "सदर" आणि "उपरोक्त" पेरले की ती नाटकात घातलेल्या भाड्याच्या कपड्यांसारखी वाटते.

वाचताना तीन गोष्टी वहीत उतरवा.

पहिली, क्रियापदं. "कळविण्यात येते", "नामंजूर करण्यात आला आहे", "दप्तरी दाखल करण्यात यावे". यात करणारा कोण? कुणीच नाही. मराठी व्याकरणानं ही सोय फुकट दिलीय, कर्ता वाक्यातून उचलून बाजूला ठेवता येतो आणि वाक्य पडत नाही. तुमच्या कवितेचा अर्धा विषय या एका रचनेत आहे. माणूस हरवलाय हे सांगायची गरजच पडत नाही, वाक्यातच तो नसतो.

दुसरी, दोन अर्थांचे शब्द. हयात, बाद, निकाली, प्रलंबित, निरंक, वर्ग करणे, अस्तित्वात नसणे. ऑफिससाठी हे साधे शब्द आहेत, फाईल निकाली निघते, प्रकरण प्रलंबित राहतं. माणसाला लावले की अंगावर काटा येतो. "आपण प्रलंबित आहात." एवढंच. याची यादी जितकी लांब तितकं बरं, माझ्या वहीत असे चाळीसेक शब्द आहेत.

तिसरी, "आपण". हा शब्द मराठीत तिहेरी आहे, समोरच्याला आदरानं आपण, तुम्ही-आम्ही मिळून आपण, आणि स्वतः या अर्थानंही आपण. "आपण आपणच असल्याचा दाखला" हे वाक्य व्याकरणानं पूर्ण बरोबर आहे, ऑफिसमध्ये खपून जाईल असं आहे, आणि तरी भयंकर आहे. अशी वाक्यं दुसऱ्या भाषेतून उसनी आणता येत नाहीत, ती आपल्याच कागदांत दडलेली असतात.

सावध : सगळे जड शब्द एका कवितेत कोंबू नका. दहा ओळींत तीन-चार पुरे. खरं पत्रसुद्धा इतकं जड नसतं, त्यात मधेच एक अगदी साधं वाक्य येतं आणि तेच जास्त लागतं.

टप्पा ३ : माणूस उभा करा, कवितेच्या आधी

लोक ही पायरी गाळतात. "सामान्य माणूस" असं लिहून पुढे जातात, आणि सामान्य माणूस नावाचं कुणी नसतंच.

हे मी भावनेनं म्हणत नाही. "सरासरी माणूस" ही कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केटले यांनी १८३५ मध्ये मांडली. ती किती पोकळ आहे ते पुढे अमेरिकन हवाई दलाच्या मोजमापांत दिसलं. १९५० मध्ये त्यांनी चार हजारांहून जास्त वैमानिकांच्या शरीराची मापं घेतली आणि गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकानं त्यातल्या ४,०६३ जणांची दहा मापं सरासरीशी ताडून पाहिली. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या पट्ट्यात बसणारा एकही निघाला नाही. कॉकपिट मात्र सरासरीला धरून बनवलेलं. तुमच्या कवितेतला फॉर्म हे तेच कॉकपिट आहे, सगळ्यांसाठी केलेलं आणि कुणालाच न बसणारं.

तर आता एक माणूस घ्या, खरा किंवा कल्पनेतला, आणि त्याच्याबद्दल वीस गोष्टी लिहा. मग पानावर उभी रेघ मारून त्या दोन बाजूंना वाटा. डावीकडे फॉर्म जे विचारतो ते : वय, उंची, पत्ता, वैवाहिक स्थिती, ओळखीची खूण. उजवीकडे ज्यासाठी कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही ते. जिने चढताना मनातल्या मनात पायऱ्या मोजते. गेलेल्या मैत्रिणीचा नंबर फोनमधून काढलेला नाही. सही दर वेळी थोडी वेगळी येते. पावसाचा आवाज आला की बोलता बोलता थांबते.

उजवीकडच्या गोष्टी लहान असू द्या. "ती फार प्रेमळ होती" हे उजवीकडचं नाही, ते कुठल्याही शोकसंदेशात चालतं. पायऱ्या मोजणं उजवीकडचं, कारण ते वाचल्यावर एकच बाई डोळ्यासमोर येते.

तपासणी : उजवीकडची प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी लावून बघा. सहज लागली तर खोडा. शेवटी तीन उरल्या तरी भरपूर, कवितेत एकच वापरायचीय.

टप्पा ४ : कोण बोलतंय ते एकदाच ठरवा

चार आवाज शक्य आहेत : ऑफिस, अर्जदार, कारकून आणि स्वतः कागद. पहिल्या प्रयत्नाला ऑफिसचा आवाज घ्या असं माझं ठाम मत आहे. अर्जदाराचा घेतलात तर राग परत आत घुसतो. कारकुनाचा आवाज अवघड आहे पण सगळ्यात खोल जातो, कारण तोही दिवसभर "करिता" म्हणून दुसऱ्याच्या हुद्द्यासाठी सही करत असतो, त्याचंही नाव कागदावर येत नाही. कागदाचा आवाज लवकर गोड होतो, फाईल बोलायला लागली की बालगीत होतं, तो सोडा.

एकदा ठरलं की शेवटच्या ओळीपर्यंत तोच. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, ऑफिस बोलतंय बोलतंय आणि बाराव्या ओळीत अचानक कवी येऊन सांगतो की हे किती वाईट आहे. ऑफिसला ते माहीत नाही, त्यामुळे ते ऑफिस बोलू शकत नाही. बस.

सावध : कारकुनाचं पोट, चष्मा, जांभई, डुलकी यावर विनोद नको. तो साखळीतला सगळ्यात खालचा माणूस आहे, वार त्याच्यावर झाला की वरची यंत्रणा सुटते. आणि माणसाचं माणूसपण जातंय यावर कविता लिहिताना आपणच एका माणसाचा नुसता नमुना करून टाकला तर कविता खोटी पडते.

टप्पा ५ : साचा निवडा

दोन वाटा आहेत. एक, ऑफिसचाच साचा घेऊन मुक्तछंदात लिहायचं : पत्र, स्मरणपत्र, फॉर्म, चौकशीचा अहवाल. दोन, बांधलेला छंद घ्यायचा.

नवख्यांनी पत्र घ्यावं. विषय, संदर्भ, मजकूर, सही अशी चौकट तयारच मिळते, आणि वाचक पहिल्या दोन ओळींत समजतो की आपण कुठे आलोय. स्मरणपत्रही चांगलं, क्रमांक १, २, ३ असे तीन तुकडे केले की प्रत्येक वेळी माणूस थोडा कमी होत जाताना दाखवता येतो.

छंद हवा असेल तर मोठा अभंग या विषयाला आश्चर्य वाटावं इतका बसतो. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, आणि तो शेवटचा चार अक्षरांचा तुकडा शिक्का मारल्यासारखा पडतो :

सदर इसम । जिवंत दिसतो ।
पुरावा नसतो । अर्ज रद्द ॥

उंची वजनाची । झाली तपासणी ।
हास्याची नोंदणी । लागू नाही ॥

अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, "अर्ज" म्हणजे दोन, "रद्द" म्हणजे दोन. बोटांवर मोजा, अंदाजानं नको.

भुजंगप्रयात हे वृत्त घ्यायचा मोहही अनेकांना होतो. बारा अक्षरं, लगागा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा, चाल लगेच धरते. पण बघा :

तुझा अर्ज आला तुझी खूण नाही
इथे नाव आहे इथे तूच नाही

वृत्त चोख आहे, म्हणायला छान आहे, आणि तरी मी या ओळी घेणार नाही. एक तर ती चाल डुलते आणि ऑफिस कधी डुलत नाही. शिवाय दुसऱ्या ओळीत "इथे तूच नाही" म्हणून सगळा अर्थ हातात ठेवून दिला, वाचकाला शोधायला काही उरलंच नाही. आधीच्या अभंगात "लागू नाही" हे ऑफिस खरंच म्हणेल. "इथे तूच नाही" ते कधीच म्हणणार नाही.

टप्पा ६ : पहिला ड्राफ्ट, आणि त्यातला उतार

आता लिहायला बसा, एका बैठकीत. सुरुवात पूर्ण खऱ्या वाटणाऱ्या वाक्यांनी करा, पहिल्या तीन-चार ओळींत काहीही विचित्र नको. वाचकानं खरंखुरं पत्र वाचतोय असं समजून पाय आत टाकला पाहिजे. मग एक छोटी घसरण. मग त्या घसरणीतून तर्कानं निघणारी पुढची.

तर्कानं, हा शब्द जपा. वेडेपणा कितीही मोठा चालेल पण तो नियमातून निघाला पाहिजे. सही जुळत नाही, इथपर्यंत रोजचं. मग ऑफिसच्या बाजूनं विचार करा : दोनपैकी एक चूक आहे, कागदावरची सही बदलता येत नाही, म्हणजे बदलायचं माणसानं. झालं, "आपली जुनी सही कायम ठेवण्यात येत असून आपण यापुढे तिच्याप्रमाणे वागावे" ही ओळ आपोआप आली, ती शोधावी लागली नाही. याउलट "आपल्याला कपाटात बंद करण्यात येईल" असं एकदम लिहिलं तर ते कुठल्या नियमातून आलं? कुठल्याच नाही, म्हणून ते पोकळ वाटतं.

मी या लेखासाठी जी बाई धरली तिच्यावरचा ड्राफ्ट खाली देतोय, छाटणीनंतरचा :

विषय : आपण आपणच असल्याच्या दाखल्याबाबत
संदर्भ : आपला अर्ज

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की
आपली उंची जुळते. वय जुळते.
पत्ता जुळतो.
सही जुळत नाही.
सबब आपली जुनी सही कायम ठेवण्यात येत असून
आपण यापुढे तिच्याप्रमाणे वागावे.

अर्जाच्या समासात
'मी जिने चढताना पायऱ्या मोजते'
असा मजकूर आढळून आला.
समासात आढळण्याची तरतूद नाही.
सदर मजकूर खोडण्यात आला आहे.

इमारतीच्या पायऱ्या बावीस आहेत.

करिता,
(सही वाचता येत नाही)

तपासणी : ड्राफ्टमधली प्रत्येक ओळ बोलणाऱ्याच्या तोंडी बसते का ते एकेक करून बघा. जी बसत नाही ती तुमची आहे, तिला बाहेर काढा, कितीही आवडली तरी.

टप्पा ७ : एक फट ठेवा

पूर्ण बंद कविता थंड पडते. सगळी यंत्रणाच यंत्रणा, वाचक हसतो आणि संपलं. कुठेतरी एका ठिकाणी माणूस डोकावला पाहिजे, आणि तोही ऑफिसच्याच भाषेतून.

वरच्या कवितेत ती फट म्हणजे "इमारतीच्या पायऱ्या बावीस आहेत" ही ओळ. नुसती माहिती आहे, ऑफिसला शोभणारी. पण बावीस हे कळलं कसं? मजकूर खोडणारं कुणीतरी उठलं आणि मोजून आलं. त्या बाईची सवय एका अनोळखी माणसाला लागली, नियमांच्या आतून.

माझ्या आधीच्या ड्राफ्टमध्ये इथे तीन ओळी होत्या, "खोडण्यापूर्वी कुणीतरी पायऱ्या मोजल्या, एकटाच, संध्याकाळी". मला त्या फार आवडायच्या. काढल्या, कारण संध्याकाळ आणि एकटाच हे कवीचे शब्द आहेत, ऑफिस संध्याकाळ बघत नाही. काढल्यावर उरलेली एक ओळ जास्त बोलायला लागली.

फट कुठे ठेवायची? शेवटून दुसरी किंवा तिसरी जागा बहुतेक वेळा बरोबर येते. अगदी शेवटी ठेवली तर टाळीसाठी ठेवल्यासारखी दिसते, म्हणून तिच्यानंतर परत ऑफिसचं काहीतरी कोरडं येऊ द्या, सही, प्रत, शिक्का.

सावध : फट एकच. दोन झाल्या की कविता रडकी होते. "गेलेल्या मैत्रिणीचा नंबर" मला इथे घालायचा मोह झाला होता, पण ती दुसरी कविता आहे.

टप्पा ८ : छाटणी

किमान आठवडाभर कविता बघू नका. मग मोठ्यानं वाचा, बातम्या वाचतात तशा सपाट आवाजात. जिथे आवाज आपोआप वर जातो, जिथे तुम्हाला अभिनय करावासा वाटतो, तिथे काहीतरी जास्त झालंय. तिथे खूण करा.

मग विशेषणं मोजा. निर्जीव, भावनाशून्य, निर्दयी, असहाय, बिचारा, हे असतील तर सरळ काढा. "माणुसकी", "व्यवस्था", "यंत्र", "गर्दी", "चेहरा हरवलेला" हेही काढा, हे शब्द म्हणजे तुमच्या कवितेबद्दल दुसरा कुणीतरी जे म्हणेल ते आहे, कवितेत त्यांचं काम नाही.

उद्गारचिन्ह एकही नको. ऑफिस पूर्णविराम वापरतं.

शेवटी एका माणसाला वाचायला द्या आणि ही कविता आहे हे सांगू नका, नुसता कागद पुढे करा. तो पहिल्या काही ओळी पत्र म्हणून वाचतो आणि मग कुठेतरी थांबून परत वर जातो का ते बघा. तो परत वर गेला तर उतार बरोबर जमलाय. पहिल्याच ओळीत हसला तर घसरण फार लवकर आलीय, टप्पा ६ परत. शेवटपर्यंत तसाच वाचून "मग पुढे काय झालं दाखल्याचं?" असं विचारलं तर फट सापडत नाहीये, टप्पा ७ परत. अर्थ समजावून सांगू नका, समजावलंत की चाचणी बाद.

टप्पा ९ : बाहेर पाठवण्याआधी

कविता खऱ्या प्रसंगावरून आली असेल तर ऑफिसचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, खरा अर्ज क्रमांक, तारीख, हुद्दा, सगळं बदला किंवा काढा. दुसऱ्या कुणाचे कागद वापरले असतील, आईचे, शेजाऱ्यांचे, तर त्यांना विचारा. आणि खऱ्या कागदाचा फोटो कवितेसोबत जोडायचा असं डोक्यात असेल तर नका जोडू, त्यावर कोपऱ्यात, शिक्क्याखाली, मागच्या बाजूनं उमटलेलं असं काही ना काही वाचता येतंच.

मग टप्पा १ मधलं रागाचं पान आता काढा आणि कवितेशेजारी ठेवून वाचा. त्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं कवितेत शिरलेलं दिसलं तर ते खोडा आणि ती ओळ ऑफिसच्या आवाजात नव्यानं लिहा.